काटकोन फादरांचं मागणं

कॉलेजात ज्याला शिकवता येत नाही, त्याला शिकवण्यावरून कुणी कधी उठवत नाही. तो बिचारा निवृत्त होईस्तोवर फळ्याशी झटत राहतो आणि पोरं त्याच्याशी. उठवतात ते चांगलं शिकवणाऱ्याला. त्याला आधी वसतिगृहावर बसवतात, मग परीक्षांवर, मग मोठ्या खुर्चीवर. एकदा तो खुर्चीत नीट बसला की सगळ्यांना हायसं वाटतं. चला, उच्च शिक्षणावर आलेलं एक संकट टळलं.

काटकोन फादरांचं अगदी असंच झालं.

काटकोन हे नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं. फादर भूमिती शिकवायचे, चालायचे ताठ, आणि कॉरिडॉरच्या टोकाला वळायचं झालं की कवायतीतल्या शिपायासारखे टाचेवर वळायचे. पण या नावाचं मूळ त्याहून जुनं होतं. बाप सुतार. घरात खेळणं म्हणून पोराच्या हाती आला तो बापाचा जुना गुण्या; लाकडाचा कोपरा सरळ आहे की नाही हे सुतार ज्यानं बघतात तो. लोखंडाची पट्टी, लाकडाची मूठ, आणि मूठ इतकी झिजलेली की बापाच्या अंगठ्याचा खळगा त्यात कायमचा राहिलेला. पोरगं तो गुण्या घेऊन घरभर तपासणी करत हिंडायचं. दाराची चौकट वाकडी, खिडकी वाकडी, कपाट वाकडं. थोरल्या बहिणीच्या मानेला गुण्या लावून तीही वाकडी असल्याचं त्यानं जाहीर केलं, तेव्हा एक सणसणीत चापट बसली, आणि शास्त्रज्ञांना होतो तो छळ त्याच्याही वाट्याला लहानपणीच आला. बाप हसून म्हणायचा, सगळं जगच वाकडं आहे रे धाकट्या, आपण आपला कोपरा सरळ ठेवायचा.

असलं वाक्य ऐकून एखादा संत झाला असता. धाकट्या भूमितीचा मास्तर झाला. त्याच्या आधी मात्र तो धर्मगुरू झाला, आणि घरातल्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

ताईनं त्याला अंगणात गाठून विचारलं होतं की बाबा रे, लग्न नको, घर नको, पगार आला तरी तो धर्मसंघाच्या पेटीत जाणार, मग तुला हवंय तरी काय? तो म्हणाला, शिकवायचंय. ताई म्हणाली, मग पहिल्याच दिवशी तसं मागून घे, नंतर कुणी विचारत नसतं. धाकट्या हसला. त्याला वाटलं, ताईला धर्मसंघातलं काय कळतंय. तिथं मागायचं नसतं.

आणि खरंच, तिथं मागायचं नसे. त्यांच्या धर्मसंघाची एक फार जुनी आणि फार शहाणी रीत होती: कुणी पदाची हाव धरायची नाही. ज्याच्या तोंडाला पद बघून पाणी सुटतं, त्याच्या हाती ते देऊ नये. रीत सोन्यासारखी. पण सोन्याचंही माणसं काय करतील सांगता येत नाही. हळूहळू तिचा दुसरा अर्थ आपोआप निघाला: ज्याला पद नको, त्याच्या गळ्यात ते बांधावं. आणि त्या अर्थाच्या पोटी तिसरा जन्मला: काहीच मागू नये, नाहीतर हाव दिसते. दरवर्षी एकदा संघाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे फादर म्हणत, प्रत्येक ठिकाणी येत, एकेकाला एकट्याला खोलीत बोलावत आणि विचारत, कसं चाललंय, काही हवंय का? यावर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं. मान किंचित खाली, हात मांडीवर, आणि "आपलं काही म्हणणं नाही." मग मोठे फादर समाधानानं मान हलवत, आणि ज्याचं काही म्हणणं नाही त्याच्यावर आणखी एक काम टाकून पुढच्या गावी जात.

काटकोन फादरांनी हे वाक्य पहिल्या वर्षी उच्चारलं तेव्हा ते तरणेताठे होते आणि त्यांचा पहिल्या वर्षाच्या पोरांचा भूमितीचा वर्ग गाजत होता. लगेच त्यांना वसतिगृहावर नेमलं. तिथं त्यांनी गळक्या नळांचा आणि पहाटे भिंतीवरून उड्या मारून परतणाऱ्या पोरांचा सखोल अभ्यास केला. पुन्हा मोठे फादर आले, पुन्हा आपलं काही म्हणणं नाही, आणि फादर परीक्षांचे प्रमुख झाले. तिथं त्यांना कळलं की उत्तरपत्रिकेत मजकूर कमी आणि देवाला घातलेली साकडी जास्त असतात. पुढं एक मोठे फादर जाऊन दुसरे आले, दुसरे जाऊन तिसरे आले, माणसं बदलली, प्रश्न तोच, उत्तर तेच. शेवटी काटकोन फादर प्राचार्य झाले. त्यांच्या सत्कारात एकजण म्हणाला की त्यांच्या नम्रतेचं हे फळ आहे. फादरांनी हारांच्या ढिगाऱ्यातून मान वर काढली आणि खोटं कसं म्हणावं या विचारानं गप्प बसले.

प्राचार्य म्हणून त्यांनी पुष्कळ कामं केली. समित्या फार झाल्यात अशी तक्रार आली म्हणून समित्या कमी करण्यासाठी एक समिती नेमली. ती अजून बसते. तपासणीला बाहेरचे साहेब येणार म्हणून इमारतीला रंग लावायचा ठरला, तेव्हा साहेबांची गाडी ज्या बाजूनं येणार त्याच बाजूला लावला. साहेब नेमके मागच्या दारानं आले, आणि इमारत जुनी पण खानदानी वाटते असा शेरा देऊन गेले. आजचा तरुण कुठे चालला आहे, या विषयावर फादर इतक्या वेळा बोलले की आजचा तरुण समोर बसल्या बसल्या झोपेकडे चालला आहे हे त्यांना व्यासपीठावरून स्पष्ट दिसे.

पण एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. तळमजल्यावर, सायकलींच्या शेडला खेटून, अगदी शेवटची एक खोली होती. तिची खिडकी नीट लागत नसे, मागच्या बाकाचा एक पाय मोडलेला म्हणून खाली वीट ठेवलेली, आणि फळ्याला कायम ओलसर खडूचा वास. तिथं सकाळी सकाळी, ऑफिस उघडण्याआधी, फादर पहिल्या वर्षाला भूमिती शिकवायचे. प्राचार्य होऊनही. त्या वर्गाला यायची ती पोरं म्हणजे ज्यांना दुसरा कुठलाच विषय मिळाला नाही अशी, नाहीतर चुकून खोलीत शिरलेली आणि लाजेखातर बसून राहिलेली. फादर आले की पहिल्या दिवशी टेबलावर बापाचा गुण्या ठेवत आणि सांगत, या खोलीत एक काटकोन शोधा. पोरं हसत. मग गुण्या घेऊन भिंतींना लागत, दाराला, फळ्याला, बाकांना. कुठंच लागत नसे. खोलीच सगळी वाकडी. चिडलेली पोरं आठवडाभर शोधत, आणि शेवटी कुणीतरी वैतागून म्हणे, फादर, खरा काटकोन कुठंच नाही. फादर खडू उचलत. "आता कसं बोललात. मग तो तुमच्या डोक्यात आला कुठून?" तिथून भूमिती सुरू.

त्या तासाला फादरांच्या चेहऱ्यावर जे उजळायचं, ते ऑफिसात पाऊल टाकताच विझायचं. कॉलेजातला चहावाला म्हणायचा, फादरांना सकाळी चहा द्यायला बरं वाटतं, दुपारी औषध दिल्यासारखं वाटतं.

आता उपप्राचार्यांविषयी. त्यांना सगळे पुढचे साहेब म्हणत, कारण प्राचार्य कुणीही असो, पुढचे तेच असं ते स्वतः धरून चालत आले होते. माणूस कामाचा, नियमांचं पुस्तक तोंडपाठ, आणि खुर्चीकडे बघणं असं की मांजरानं दुधाकडेही इतकं भक्तिभावानं बघू नये. संघाचा माणूस नसल्यानं त्यांना हाव धरायला बंदी नव्हती, आणि या सवलतीचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला होता. वर्ष संपत आलं तेव्हा ते फादरांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले की नव्या नियमानुसार प्राचार्यांनी वर्ग घेणं बरोबर नाही. भूमितीला दुसरा शिक्षकही नाही. तेव्हा पुढच्या वर्षापासून तो वर्ग बंद करून त्या खोलीचा अतिथी कक्ष करावा, पाहुण्यांना बसवायला जागा नाही. फादरांचं काही म्हणणं?

 फादरांच्या डोळ्यांसमोर ती वाकडी खोली आली, त्यात सोफा आला, सोफ्यावर पाहुणा आला. ते काहीतरी बोलणार होते. पण उभी हयात ज्या वाक्यानं काढली ते वाक्य जिभेच्या टोकावरच बसलेलं असतं.

"आपलं काही म्हणणं नाही," फादर म्हणाले.

पुढचे साहेब आभार मानून गेले. फादर आपल्याच जिभेकडे बघता येत नाही म्हणून भिंतीकडे बघत बसले.

त्या रविवारी ताई आली. ताई आता पिकल्या केसांची झाली होती, नवरा जाऊन वर्षं लोटली होती, पण जीभ अजून नवी कोरी होती. ती दर खेपेला धाकट्याचे फाटके मोजे घेऊन जाई आणि रफू करून आणी. तिचं म्हणणं, देवाच्या घरी पाय ठेवायचे तर अंगठा तरी बाहेर नसावा. धर्मगुरूंच्या निवासाच्या व्हरांड्यात बसून तिनं भावाचं तोंड बघितलं आणि मोजे बाजूला ठेवले. फादरांनी सगळं सांगितलं. प्राचार्यपद सुटलं तर वर्ग वाचेल. पण पद सोडतो म्हणून मागणं हेही मागणंच. आणि मोठे फादर पुढच्याच आठवड्यात येणार.

"रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही," ताई म्हणाली, "आणि तुमचे मोठे फादर काय तुझी आई नाहीत. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो धाकट्या, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात."

फादर म्हणाले, आमच्यात मागितलं की मिळत नाही. उलट, ज्याला हवं असतं त्याच्याकडून काढून घेतात.

ताईनं सुईत दोरा ओवला. "मग सोपं आहे की. खुर्ची हवी म्हण."

फादर दचकले. हे खोटं झालं. ताई म्हणाली, खोटं कसलं, नाटक म्हण. तुमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाला करता ते काय पाप असतं? फादरांनी पुष्कळ ना ना केलं. पण आयुष्यभर सरळ वागलेला माणूस एकदा वाकडं करायला निघाला की घाट उतरायला लागलेल्या बैलगाडीसारखा, थांबवता थांबत नाही.

दुसऱ्या दिवसापासून काटकोन फादर हावरट झाले.

पहिलं म्हणजे त्यांनी मोठी खुर्ची मागवली, उंच पाठीची, फिरणारी. तीत बसले की पाय जमिनीला टेकत नसत, पण हावेपुढे पायांचं काय. दारावर पितळी पाटी लावली. आपला फोटो भिंतीवर टांगायला लावला, आणि फोटो वाकडा लागला तेव्हा खिशातल्या गुण्याकडे जाणारा हात मोठ्या कष्टानं आवरला. ऑफिसात रोज सगळ्यांच्या आधी येत, ते आता उशिरा येऊ लागले. भाषणं लांबवली. शिपायाला हाक मारण्याऐवजी घंटी वाजवू लागले. शिक्षकांना भेटायला बोलावून बाहेर ताटकळत ठेवू लागले, आणि आत बसून मनातल्या मनात त्यांची माफी मागू लागले.

त्यांना वाटलं, आता लोक चिडतील, बोंब उठेल, ती मोठ्या फादरांच्या कानी जाईल. पण करायला गेले एक नि झालं भलतंच. कॉलेजात आनंदीआनंद झाला. शिक्षकांच्या खोलीत एकजण म्हणाला, आता कुठं प्राचार्य असल्यासारखं वाटतंय. आधी कसं, पाण्याच्या नळाशी रांगेत उभे राहायचे, आपल्यालाच लाज वाटायची. ताटकळत बसवलेले शिक्षक घरी जाऊन सांगू लागले की साहेबांकडे फार वेळ लागला, महत्त्वाचं काम होतं. सकाळी साहेब उशिरा येतात म्हटल्यावर शिपायांना निवांत चहा मिळू लागला आणि ते आपणहून दार उघडून धरू लागले. कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांनी लांबलेलं भाषण ऐकून सांगितलं की फादरांच्या विचारांना अलीकडे खोली आलीय. त्या दिवशी खरं म्हणजे फादर कागद विसरले होते आणि तेच ते दोनदा बोलले होते.

वाळत चालले ते एकटे पुढचे साहेब. त्यांना वाटलं, हा माणूस आता मरेपर्यंत उठत नाही. ते गुपचूप मोठ्या फादरांना जाऊन भेटले आणि जड अंतःकरणानं म्हणाले की काटकोन फादरांना हल्ली खुर्चीची फार ओढ लागलीय, संघाच्या शिकवणीला हे शोभतं का ते आपणच बघा. म्हणजे दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. एकाला खुर्चीतून उठायचं होतं, दुसऱ्याला तीत बसायचं होतं, आणि दोघंही एकमेकांना एक शब्द न बोलता जिवाच्या आकांतानं झटत होते. मोठ्या संस्था चालतात त्या अशाच.

मोठे फादर आले. हे ताजे मोठे फादर अंगानं लहानखुरे आणि वयानं काटकोन फादरांहून बरेच धाकटे. गंमत म्हणजे कधीकाळी ते याच कॉलेजात, त्याच शेवटच्या खोलीत, भूमितीच्या वर्गाला बसलेले होते, विटेवरच्या बाकावर. निवासातल्या पाहुण्यांच्या खोलीत त्यांनी सकाळपासून एकेका धर्मगुरूला बोलावलं. काटकोन फादर आत गेले. मोठ्या फादरांनी ठरलेला प्रश्न विचारला, तोही अर्धवट जांभई देत, कारण उत्तर माहीत होतं.

"मला प्राचार्यपदाची अजून एक मुदत हवी आहे," काटकोन फादर म्हणाले.

मोठ्या फादरांची जांभई मधेच थांबली. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. फादरांना वाटलं, आता वीज कोसळणार. मनातल्या मनात ते त्या शेवटच्या खोलीचं दार उघडू लागले.

मोठ्या फादरांचे डोळे पाणावले होते. ते म्हणाले, "फादर, मी हे काम घेतल्यापासून माणसांना विचारत फिरतोय, काही हवंय का. भिंतींना विचारलं असतं तर एखादी बोलली असती. तुम्ही पहिले." मग त्यांनी समजावून सांगितलं की नियम पद नसलेल्यानं पद मागण्याविरुद्ध आहे, फादरांकडे पद आहेच, त्यामुळे ही हाव नाही, ही सेवेची तळमळ आहे. उपप्राचार्यांनी येऊन तक्रार केली तेव्हाच आपल्याला वाटलं होतं की माणसात जीव आलाय. मुदत दिली.

आयुष्यात पहिल्यांदा फादरांनी काही मागितलं, आणि ते तिथल्या तिथं मिळालं. इतकं लवकर की परतही देता येईना.

ते खोलीबाहेर आले ते थेट चॅपेलमध्ये गेले. तिथं निवासातले सगळ्यात म्हातारे फादर जाळीमागे बसलेले असत. पापनिवेदन ऐकायला म्हणून बसत, पण येणारे थोडे असल्यानं बहुतेक वेळ डुलकी काढत. काटकोन फादर गुडघे टेकून बसले, जाळीवर नखानं टकटक केलं आणि म्हातारे जागे झाल्यावर सगळं ओकले: खुर्ची, पाटी, फोटो, घंटी, ताई, मुदत. ताईचं नाव घेताना जरा जोर दिला, तर म्हातारे म्हणाले की बहिणीची पापं बहीण सांगेल, तुझी तू सांग. पुढं बराच वेळ काही आवाज नाही. फादरांना वाटलं, पुन्हा डोळा लागला.

"मुला," जाळीतून आवाज आला, "तू खोटं का बोललास?"

"मागणं आपल्यात बरं नाही, म्हणून."

"आणि खोटं बोलणं आपल्यात बरं आहे, होय?"

 म्हातारे म्हणाले की पदाची हाव धरू नये हा नियम आहे. तोंड शिवून घ्यावं असा नियम त्यांच्या तरी वाचनात आला नाही. काम मागणं म्हणजे पद मागणं नव्हे. नुसतं गप्प राहून समोरच्यानं ओळखावं म्हणून वाट बघत बसायचं, आणि ओळखलं नाही की मनात झुरायचं, याला आपण इतकी वर्षं नम्रता म्हणत आलो. त्यांना स्वतःला तरुणपणी दवाखान्यात काम करायचं होतं. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांनी तीस-पस्तीस वर्षं संघाच्या छापखान्याची शाई हुंगली. "तुझं प्रायश्चित्त एवढंच. जा, आणि हवं ते माग. आत्ता, ते गाडीत बसायच्या आत. प्रार्थना पुटपुटण्यावर तुला सोडलं तर तू हजार पुटपुटशील, मला माहीत आहेस."

काटकोन फादर चॅपेलमधून निघाले ते चक्क धावत. कॉरिडॉरच्या टोकाला टाचेवर वळायचं राहून ते तिरके गेले, आणि ते पाहणाऱ्या शिपायानं नंतर शपथेवर सांगितलं की फादरांना तिरकं जाताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

पोर्चमध्ये गाडी उभी. मोठे फादर एक पाय आत टाकून निरोप घेत होते. पुढचे साहेब निरोपाचा गुच्छ घेऊन उभे, चेहऱ्यावर असं हसू की ते बघून फुलं कोमेजावीत, कारण मुदतीची बातमी त्यांना लागली होती. मागे शिक्षक, शिपाई, चहावाला. फादर धापा टाकत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले:

"मी खोटं बोललो. मला मुदत नको. मला पहिल्या वर्षाचा भूमितीचा वर्ग हवा."

 मोठ्या फादरांनी गाडीतला पाय बाहेर काढला.

"आणि?"

"आणि ती शेवटची खोली. तिचा अतिथी कक्ष नको."

"आणि?"

फादरांनी जरा विचार केला. मागायची सवय नसली तरी माणूस लवकर शिकतो. "आणि खिडकीला कडी," ते म्हणाले.

 मग मोठे फादर म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत? आम्हाला वाटायचं, त्या वर्गाला तुम्ही कंटाळला असाल. मी होतो की त्या वर्गात. मीच तुमच्या जागी असतो तर मला बघून कंटाळलो असतो."

फादर म्हणाले, नाही, तुम्ही दारामागच्या कोपऱ्यात गुण्या उलटा लावला होता; तेव्हापासून लक्षात आहात.

शिक्षक-शिपायांदेखत आपली भूमिती निघाली म्हटल्यावर मोठ्या फादरांनी निर्णय लांबवला नाही. पद सुटलं, वर्ग राहिला, कडीचंही बघतो म्हणाले. आणि हातात काहीतरी द्यावं म्हणून पुढच्या साहेबांनी घाईघाईनं गुच्छ पुढे केला, तो मोठ्या फादरांनी हलकेच उलट त्यांच्याच हाती ठेवला आणि अभिनंदन केलं. पुढं मंडळाची बैठक, ठराव वगैरे रीतसर झालं, पण प्राचार्य नेमले गेले ते तिथं, पोर्चमध्ये. स्वतःच आणलेल्या गुच्छानं स्वतःचा सत्कार झालेला माणूस तोवर कुणी पाहिला नव्हता. कारण म्हणून कागदोपत्री फादरांच्या प्रकृतीचं नाव पुढं केलं. त्या आठवड्यात फादर जितके ठणठणीत होते तितके वसतिगृहावर नेमल्यापासून कधी नव्हते.

ताईला कळलं तेव्हा ती रफू करता करता थांबली. एवढं सोपं होतं? फादर हो म्हणाले. मग इतकी वर्षं? फादर म्हणाले, कुणी विचारलंच नाही.

"दरवर्षी विचारत होते की रे," ताई म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला. आपल्या नाटकाचा सल्ला कसा उलटला यावर ती एक अक्षर बोलली नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचं चुकत नसतं, फक्त धाकट्यांना नाटक नीट करता येत नाही.

नवं वर्ष लागलं. शेवटच्या खोलीत गुण्या टेबलावर आला, पोरं भिंतींना लागली, खिडकीला कडी बसली. कडी वाकडी बसली, पण आता त्या खोलीत सरळ कडी शोभलीच नसती. उंच खुर्चीत नवे प्राचार्य बसू लागले. त्यांचे पाय जमिनीला टेकत, एवढा फरक मान्य केला पाहिजे. त्यांनी आल्या आल्या परिपत्रक काढलं की शिक्षकांनी शिकवण्याआधी काय शिकवणार ते कळवावं आणि शिकवल्यावर काय शिकवलं ते. मधल्या काळात शिकवायला हरकत नव्हती.

एका सकाळी ते वर्ग बघायला आले आणि नेमके मागच्या विटेच्या बाकावर बसले. वीट सरकली, प्राचार्य एका अंगाला झुकले, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागे वळून, हाती असलेला गुण्या बाकाला लावून बघितला. वर्गात खसखस पिकली. फादर फळ्यावर रेघ ओढत होते. एका पोरानं विचारलं, फादर, हे परीक्षेला येतं का? फादर म्हणाले नाही, आणि ते नाही असं काही सुखानं म्हणाले की पोरानं वही उघडली.

तास संपला. प्राचार्य कपडे झटकत उठले आणि पोरं बाहेर पडत असताना सहज म्हणाले की फादर, पाहुण्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. सहामाहीनंतर हा वर्ग वरच्या मजल्यावरच्या अडगळीत हलवू आणि इथं अतिथी कक्ष करू. आपलं काही म्हणणं नसेलच.

फादरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले, आणि वळले.

"आहे," ते म्हणाले. "बसा."

प्राचार्य विटेवरच्या बाकावर पुन्हा बसले. आणि मग ते म्हणणं ऐकायला त्यांना मधल्या सुट्टीपर्यंतचा वेळ पुरला नाही. चहावाला दोनदा डोकावून परत गेला. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.